सुप्याचा बाजार आणि सावकाराचा तगादा

‘तगादा’ हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांतून कुणाला समजावून सांगावा लागत नाही. हप्त्याची तारीख चुकते, आणि दुसऱ्या दिवसापासून दारात माणूस उभा राहतो. आधी तो गोड बोलतो, मग आवाज चढवतो, मग चार शेजारी ऐकतील अशा बेताने बोलू लागतो. देणेकरी खाली मान घालून ऐकून घेतो. पैसे बुडवायचे त्याच्या मनात नसते. पण हातात पैसा नसला म्हणजे माणसाचे तोंड मिटते, हा अनुभव जुना आहे.

या तगाद्याचाही एक इतिहास आहे. लढायांच्या आणि तहांच्या इतिहासात तो सहसा सापडत नाही. पण आपल्या पुणे, नगर, सातारा, सोलापूर या भागांतल्या शेतकऱ्याने तगाद्याशी कसा झगडा केला, त्यात तो कुठे चुकला आणि अखेर त्याच्या पदरात काय पडले, ही हकीकत प्रत्येक गावकऱ्याला ठाऊक असावी अशी आहे. तीच आज थोडक्यात सांगणार आहे.

प्रथम जुन्या काळाकडे वळू. पेशवाईत सावकाराचा तगादा कसा असे? १८१९ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनसाहेबाने पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखासंबंधी एक अहवाल लिहिला. त्यात तगाद्याचे प्रकार सांगितले आहेत. धनको बलवान असला तर तो देणेकऱ्याच्या दारावर पहारा बसवी, त्याला अन्नपाण्यावाचून अडवून ठेवी, प्रसंगी डोक्यावर धोंडा देऊन भर उन्हात उभा करी. धनको तसा बलवान नसला तर तो ‘धरणे’ धरी. म्हणजे काय, तर देणेकऱ्याच्या दाराशी उपाशी बसून राही. दारात माणूस उपाशी बसलेला असताना आपण घरात बसून जेवायचे कसे? म्हणून देणेकऱ्यालाही उपास घडे. दोघांपैकी कोण आधी हटतो, याची ती कसोटी असे. आज आपण मोर्चा काढतो, धरणे धरतो. तो शब्द या तगाद्यातून आला, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते.

हा तगादा थोरामोठ्यांनाही चुकला नाही. पहिल्या बाजीरावाने उत्तरेत मोठमोठ्या मोहिमा केल्या, पण कर्जाने तो सदैव गांजलेला होता. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी त्याचे गुरू खरे, पण तेच त्याचे धनकोही होते. त्यांना लिहिलेल्या पत्रांतून बाजीरावाने आपल्या ओढगस्तीची कहाणी कळवळून सांगितली आहे. थोरल्या माधवरावांनी १७७२ साली मृत्युशय्येवर जी शेवटची इच्छा लिहवून घेतली, तीतही कर्ज फेडून टाकण्याची काळजी आहे. कर्ज होणे हा काही आळशी माणसाचाच दोष नव्हे, हे यावरून दिसेल.

त्या जुन्या तगाद्यात क्रूरपणा होता, यात शंका नाही. पण त्याला दोन मर्यादा होत्या. एक म्हणजे तो माणसावर असे. कुळाची जमीन लिलावात काढून सावकाराच्या नावावर चढवणे ही गोष्ट तेव्हा सर्रास होत नसे. दुसरी मर्यादा गावाची. सावकाराला त्याच गावात राहायचे असे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, पंचायत यांना सोडून त्याचे चालत नसे. फार ताणले तर गाव मध्ये पडे आणि ‘बाबा, इतके घे, तितके सोड’ असे सांगून तोडजोड करी. त्यात न्याय नेहमीच होई असे नाही, पण धनको आणि ऋणको समोरासमोर बसत आणि हिशेब तोंडी का होईना, उलगडून बोलला जाई.

इंग्रजी अमलात ही घडी मोडली. कशी मोडली ते पाहा.

नव्या सरकारने रयतवारी पद्धत आणली. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापुरापासून जमिनीची नवी पाहणी सुरू केली आणि तीस वर्षांसाठी सारा ठरवून दिला. सारा ठरला रोकड रकमेत आणि भरायचा ठरल्या तारखेला. पाऊस पडो वा न पडो, धान्याला भाव असो वा नसो, तारीख चुकता कामा नये. धान्य विकण्याआधीच हप्ता उभा राही. मग कुणबी सावकाराकडे जाई. पण जमीन आता त्याच्या नावावर होती आणि ती विकता येत होती. तेव्हा सावकारालाही कर्ज देताना हात आखडण्याचे कारण उरले नाही.

पुढे १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार हवे तितके पैसे देऊ लागले आणि शेतकरी घेऊ लागले. १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळला. कर्ज मात्र जागच्या जागी राहिले. एवढ्यात साऱ्याची तीस वर्षांची मुदत संपली आणि १८६७ च्या सुमारास इंदापुराकडून फेरपाहणी सुरू झाली. सारा वाढला, आणि पुष्कळ ठिकाणी तो निम्म्याहूनही अधिक वाढला. उत्पन्न खाली आले आणि सारा वर गेला.

आता कायद्याकडे पाहू. १८५९ साली मुदतीचा कायदा झाला. कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत फिर्याद केली पाहिजे, असा त्यातला नियम. कायदा करणाऱ्यांना वाटले, जुनी भुते उकरून काढण्याला यामुळे आळा बसेल. झाले उलटे! तीन वर्षे भरत आली की सावकार म्हणे, ‘नवा रोखा लिहून दे, नाही तर फिर्याद करतो.’ मुद्दल आणि व्याज मिळून नवे मुद्दल होई, आणि त्यावर पुन्हा व्याज चढे.

गुरुजनांनी हे उदाहरण फळ्यावर घालून पाहावे. मुद्दल १०० रुपये आणि व्याज दरमहा शेकडा २ रुपये असे धरा. तीन वर्षांत व्याज झाले ७२ रुपये. नवा रोखा १७२ रुपयांचा. आणखी तीन वर्षांनी तो होतो २९५ रुपये ८४ पैसे. आणखी तीन वर्षांनी सुमारे ५०९ रुपये. नऊ वर्षांत शंभराचे पाचशे झाले, आणि शेतकऱ्याच्या हातात पहिल्या शंभरानंतर एक दमडीही पडलेली नाही. मधल्या काळात त्याने दिलेले धान्य, कडबा, तूप यांची पावती कुठे? पावती देण्याची चालच नव्हती. आपल्याकडे दामदुपटीचा जुना दंडक होता. व्याज मुद्दलापेक्षा अधिक एका वेळी घ्यायचे नाही, असे धर्मशास्त्र सांगत होते. पण दर खेपेला रोखाच नवा झाल्यावर दामदुपटीची मोजणी करायची तरी कोठून?

आणि रोख्यावर सही कशी होई? अक्षरओळख नसलेला कुणबी नांगराची निशाणी करी. वर काय लिहिले आहे ते लिहिणाऱ्याला ठाऊक आणि लिहवून घेणाऱ्याला ठाऊक. ज्या नांगरावर घर चालायचे, त्याच नांगराचे चित्र काढून माणूस आपले शेत लिहून देत होता!

हप्ता चुकला की सावकार आता दारात उपाशी बसत नसे. तो तालुक्याला जाऊन फिर्याद लावी. समन्स निघे. शेतकरी कधी भीतीने, कधी गाडीभाड्याला पैसा नाही म्हणून, तर कधी समन्सच पोचले नाही म्हणून कोर्टात जात नसे. बहुतेक दावे असे एकतर्फी निकाली निघत. हुकूमनामा हाती आला की घर, गुरे, जमीन सगळ्यांवर जप्ती आणता येई आणि देणेकऱ्याला दिवाणी तुरुंगातही टाकता येई. प्रत्यक्ष तुरुंगात जाणारे थोडेच असत. पण वॉरंट दाखवले की माणूस गळून जाई आणि समोर ठेवतील त्या कागदावर निशाणी करी. जुन्या तगाद्यात डोक्यावर धोंडा ठेवीत, नव्या तगाद्यात वॉरंट पुढे धरीत. आणि मध्ये पडणारा गाव आता कुठेच नव्हता.

सगळेच सावकार दुष्ट होते असे मात्र कुणी समजू नये. पुष्कळ वर्षे कुणब्याचा सारा त्यांनीच भरला. बी-बियाणे त्यांनीच दिले. त्यांच्याही डोक्यावर मोठ्या पेढ्यांचे देणे असे. सावकारी काही एकाच जातीची नव्हती, अनेक जातींचे लोक ती करीत. पण बाहेरून येऊन गावात दुकान घातलेले मारवाडी आणि गुजर सावकार पुढे लोकांच्या रागाला अधिक बळी पडले. परका माणूस चटकन डोळ्यांवर येतो, हे त्याचे एक कारण. एका जातीवर सगळे खापर फोडणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. दोष होता तो पद्धतीचा.

ठिणगी पडली ती शिरूर तालुक्यातल्या कर्डे या गावी, १८७४ च्या डिसेंबरात. काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर सुमारे दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला होता. देशमुखांचे घराणे गावात मानाचे. सावकाराने त्यांच्या घरावरच हात घातला आणि ते पाडायला निघाला. पैशासाठी घर मोडायचे, हे गावाला सहन झाले नाही.

गावाने काय केले? मारहाण केली नाही. गावाने सावकाराला वाळीत टाकले. त्याची जमीन कुणी कसेना, पाणी कुणी भरीना, हजामत कुणी करीना, घरकामाला कुणी जाईना. शेवटी त्याला बिऱ्हाड उचलून शिरूर गाठावे लागले, तर सामानाला गाडीही मिळेना. ही बातमी आसपासच्या गावांत पसरली आणि तिथेही हाच उपाय सुरू झाला. मोडलेली गावकी पुन्हा उभी राहू पाहत होती, असेच म्हणावे लागेल.

इकडे सरकारने वाढलेल्या साऱ्यात थोडी सूट दिली आणि थकबाकीसाठी जमिनीआधी जंगम माल विकावा, असे ठरवले. हेतू चांगला होता. पण जमीन लगेच जात नाही म्हटल्यावर सावकारांनी सारा भरण्यासाठी पैसे देण्याचे बंद केले. घेतलेले फिटेना आणि नवे मिळेना, अशी कुणब्याची कोंडी झाली.

मग उजाडला १२ मे १८७५. त्या दिवशी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याचा बाजार होता. हे सुपे आज बारामती तालुक्यात आहे. नगर जिल्ह्यात पारनेरकडे एक सुपे आहे, ते निराळे. बाजाराला आसपासच्या खेड्यांतले लोक जमले होते. जमाव सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेला. माल लुटला गेला, जाळपोळही झाली. पण लोकांना खरे हवे होते ते कागद! रोखे, हुकूमनामे, चोपड्या शोधून बाहेर काढल्या आणि पेटवून दिल्या. पुढच्या दिवसांत पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसबत्तीस गावांत असेच प्रकार झाले. शिरूर, इंदापूर, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या भागांत लोण पसरले. सावकाराने आपण होऊन कागद दिले की पुष्कळ ठिकाणी जमाव निघून जाई. माणसांना इजा फारच थोडी झाली. बंदोबस्तासाठी पुण्याहून लष्कर आणावे लागले. ९५१ लोक पकडले गेले आणि त्यांपैकी ५०१ जणांना शिक्षा झाल्या.

वाचकहो, दंगा तो दंगाच. लूट आणि जाळपोळ यांचे समर्थन करता येणार नाही. शिक्षा झालेल्या ५०१ घरांवर काय ओढवले असेल, याचाही विचार करावा. कर्ता पुरुष तुरुंगात, पेरणी तोंडावर आलेली आणि सावकाराचे दार बंद. कागद जळाल्याने कर्ज जळाले असेही नाही. पण जमावाचा रोख पाहण्यासारखा आहे. ज्या कागदात काय लिहिले आहे हे आपल्याला वाचता येत नाही आणि तरी जो आपले शेत खातो, त्या कागदावर लोकांचा राग होता. पुष्कळांचे म्हणणे ‘देणे देत नाही’ असे नव्हते. ‘देणे किती, ते आम्हाला कळू द्या’ असे होते.

सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले. त्याचा अहवाल १८७८ साली इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे गेला. इकडे पुण्याची सार्वजनिक सभाही शेतकऱ्यांची बाजू मांडत होती. पुढे १८८३ साली जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. कोर्टकचेरीत अडाणी शेतकरी कसा नागवला जातो, हे त्यांनी त्यात सडेतोडपणे मांडले आहे.

या सगळ्यातून १८७९ साली एक कायदा झाला. ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’ हे त्याचे नाव. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. त्यातल्या मुख्य गोष्टी अशा:

कोर्टाने रोख्यावरचा आकडा डोळे झाकून मान्य करू नये. व्यवहार मुळात कधी सुरू झाला, हाती पैसे किती पडले, फेड किती झाली, हे मागे जाऊन तपासावे. प्रतिवादीला बोलावून त्याचे म्हणणे ऐकावे. देणे हप्त्याने फेडण्याची सवलत द्यावी. केवळ पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला पकडू नये आणि तुरुंगात टाकू नये. जमीन मुद्दाम गहाण दिलेली नसेल तर तिच्यावर जप्ती आणू नये. शेतकऱ्याचा रोखा गावच्या रजिस्ट्रारसमोर लिहिला जावा. रक्कम भरली की पावती द्यावी, आणि मागेल त्याला हिशेबाचा उतारा द्यावा. तीन वर्षांची मुदतही वाढवली गेली.

सुप्याच्या बाजारात जे मागितले गेले, तेच इथे कायद्याच्या भाषेत आले आहे, हे आपल्या ध्यानात आलेच असेल. या कायद्याखाली न्यायाधीश म्हणून महादेव गोविंद रानडे यांनी १८८१ पासून पुष्कळ वर्षे काम केले, आणि खेड्यापाड्यांतून फिरून तंटे पाहिले.

कायद्याने सगळे साधले का? नाही. सावकारही हुशार झाले. गहाणखताऐवजी ते सरळ खरेदीखत लिहवून घेऊ लागले. ‘पैसे दिलेस की जमीन परत’ हे बोलणे तोंडी, आणि कागदावर विक्री! कित्येकांना कर्ज मिळणेच कठीण झाले. तगाद्याला आळा घातला, पण पेरणीच्या वेळी पैसा कोठून आणायचा हा प्रश्न उरला. विल्यम वेडरबर्न या न्यायाधीशाने शेतकी पेढीची योजना मांडली होती, ती मंजूर झाली नाही. अखेर १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. मुंबई इलाख्यातली पहिली सोसायटी १९०५ साली धारवाड भागात कणगिनहाळ येथे निघाली. आज गावोगाव जी सोसायटी दिसते, तिच्या पायाखाली सुप्याची राख आहे, असे म्हटले तर चूक होणार नाही.

आता आजचे पाहू. काळ पालटला, पण तगादा संपलेला नाही. तो टेलिफोनवरून येतो, वसुलीवाल्या माणसांबरोबर येतो. ट्रॅक्टरचा हप्ता, दुचाकीचा हप्ता, बचत गटाचे कर्ज, कुठला ना कुठला हप्ता चुकतोच. अशा वेळी घाबरून जाऊ नये, आणि डोक्यात राख घालूनही घेऊ नये. आपले हक्क कोणते, ते आधी समजून घ्यावे.

दिवाणी कायद्याच्या ६० व्या कलमाप्रमाणे शेतकऱ्याची अवजारे, निर्वाहाला लागणारी गुरे, बी-बियाणे आणि तो राहतो ते घर, ही सामान्यतः पैशाच्या हुकूमनाम्यासाठी जप्त करता येत नाहीत. मुद्दाम तारण दिलेल्या वस्तूची गोष्ट वेगळी. प्रामाणिकपणे ऐपतच नसलेल्या माणसाला केवळ देणे थकले म्हणून तुरुंगात टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली सांगितले आहे. खासगी सावकारीसाठी १९४६ साली मुंबईत आणि पुढे २०१४ साली महाराष्ट्रात कायदा झाला. त्याप्रमाणे सावकाराला परवाना लागतो, हिशेब आणि पावती द्यावी लागते, आणि वसुलीसाठी देणेकऱ्याचा पाठलाग करून छळ करणे हा गुन्हा आहे. बिनपरवाना सावकारीची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करता येते. बँकांच्या वसुलीवाल्यांनी धाकदपटशा करू नये, चारचौघांत अपमान करू नये, आणि सकाळी ८ च्या आधी व संध्याकाळी ७ नंतर फोन करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बजावले आहे.

तेव्हा तगादेवाला दारात आला तर पहिली गोष्ट, त्याचे नाव आणि तो कुणाकडून आला हे विचारावे आणि त्याचे ओळखपत्र पाहावे. दुसरी गोष्ट, मुद्दल किती, व्याज किती, दंड किती, भरले किती, हा हिशेब लेखी मागावा. तिसरी, पावतीवाचून कुणाच्याही हातात पैसे देऊ नयेत. चौथी, धाकाखाली कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही अंगठा करू नये. पाचवी आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे समन्स आले तर त्या तारखेला कोर्टात हजर राहावे. शंभर दीडशे वर्षांपूर्वी आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या जमिनी गेल्या, त्या पुष्कळशा या एकाच चुकीने गेल्या. वकिलाला पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे चौकशी करावी. आणि हप्ता चुकणार असे दिसताच, तगादा येण्याआधी आपणच बँकेत किंवा सोसायटीत जाऊन मुदत मागावी. तोंड लपवणाऱ्यापेक्षा तोंड दाखवणाऱ्याचे काम लवकर होते.

घेतलेले देणे फेडले पाहिजे, याविषयी दुमत नाही. कर्डे आणि सुप्याच्या लोकांनाही ते मान्य होते. पण फेडायचे ते हिशेबाने आणि माणसासारखे मान ताठ ठेवून.

गुरुजींना एक विनंती आहे. चक्रवाढ व्याजाचा पाठ आला म्हणजे पुस्तकातले गणित सोडवून थांबू नका. शंभराचे नऊ वर्षांत पाचशे नऊ कसे झाले ते मुलांकडून करून घ्या, आणि शेवटी प्रत्येकाला सांगा, घरी गेल्यावर आपल्या वडिलांच्या कर्जाचे पासबुक काढून त्यांना वाचून दाखव.